हेरन्सच्या रांगेतली जागा

ईशिताने ग्रे हेरन्स सोडलं ते जानेवारीत, आणि सोडताना कुणाला तोंड दाखवलं नाही. ग्रुपवर एक मेसेज टाकला, फोन उलटा करून ठेवला आणि आंघोळीला गेली.

ग्रे हेरन्स हे इंग्लंडमधल्या स्लाऊ गावचं, मॉरीनने चालवलेलं ड्रम कोर. पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे घेऊन मैदानावर चालत, वळत, आकृत्या करत वाजवणारी साठ-सत्तर मुलामुलींची तुकडी. उन्हाळाभर गावोगावी स्पर्धा असायच्या आणि सप्टेंबरात फायनल. त्यांच्या गटात एकविसाव्या वर्षानंतर वाजवता येत नसे, आणि ईशिताला एकविसावं लागलं होतं. बाराव्या वर्षी तिने पहिल्यांदा गळ्यात स्नेअर, म्हणजे दोन काठ्यांनी कडकडीत वाजणारा छोटा ड्रम, अडकवला. तेव्हापासून दर रविवारी तिची आई तिला वॉटफर्डहून स्लाऊला आणून सोडायची. आई, डॉक्टर अलका कर्णिक, हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करायची आणि आठवड्यातली तिची एकमेव निवांत झोप त्या गाडीतच, हेरन्सचा सराव चालायचा त्या ट्रेडिंग इस्टेटच्या, गोदामांच्या वसाहतीच्या, पार्किंगमध्ये, सीट मागे करून व्हायची.

नऊ वर्षांत हेरन्स कधी पाचव्याच्या वर आले नाहीत. जिंकायचे ते वॉटफर्ड रीजंट्स. रीजंट्सचा हॉल ईशिताच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता. शेवटचं वर्ष होतं, तिला एकदा जिंकून बघायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण समरला हे समोर बसून सांगायचं धैर्य तिला झालं नाही.

समर राजे तिच्याच वर्षी हेरन्समध्ये आला होता. स्लाऊचाच मुलगा. स्नेअरच्या रांगेत तो कायम तिच्या डाव्या हाताला उभा असायचा आणि आता त्या रांगेचा प्रमुख होता. मेसेज वाचून त्याने फोन केला.

"जा तू," तो म्हणाला. "मी ब्लेम नाही करत. मला पण कधी कधी सोडावंसं वाटतं."

"सॉरी, समर."

"सॉरी नको म्हणू. फक्त एक. तुझी जागा आम्ही भरणार नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नाही भरणार. रांग तशीच राहील. तू होतीस तिथे मोकळं."

तिला वाटलं, रागात बोलतोय. कुणी सोडून गेलं की रांग सरकवून घेतात. मोकळी जागा मैदानावर दात पडलेल्या फटीसारखी दिसते आणि परीक्षक त्याचे गुण कापतात. शहाणा माणूस असं करत नाही.

रीजंट्सकडे सगळं चांगलं होतं. ड्रम नवे, हॉल गरम, आणि गॅरेथ नावाचा त्यांचा डायरेक्टर कामाला पक्का. तिसऱ्या का चौथ्या रिहर्सलला तो ईशितासमोर थांबला.

"वाजव ना."

"वाजवतेय," ती म्हणाली.

तो जवळ आला, वाकला, ड्रमपाशी कान नेला. मग त्याने तिचा ड्रम काढून शेजारच्या मुलाला दिला. मुलाने एक ठोका मारला, तो हॉलच्या छतापर्यंत कडाडला. ड्रम परत तिच्या गळ्यात आला. तिने मारला तेव्हा गालिच्यावर काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला.

गॅरेथने ड्रम बदलून पाहिले, स्टिक्स बदलल्या. तिची पकड तपासली, त्यात चूक नव्हती. फटका मनगटात नीट जाणवायचा, स्टिक उसळून परत यायची, आणि आवाज मात्र आठवड्याआठवड्याला विरत गेला. मे महिन्यापर्यंत उरलासुरलाही गेला. गॅरेथ वाईट माणूस नव्हता. "दिसायला तू अगदी परफेक्ट आहेस," तो अवघडून म्हणाला. "बाकीचे भरून काढतील." त्यानंतर तो तिच्यासमोर फारसा थांबायचा नाही.

एका संध्याकाळी आईने जेवताना विचारलं, "हल्ली प्रॅक्टिस करत नाहीस का गं?"

ईशिता तासभर वरच्या खोलीत सरावाच्या रबरी पॅडवर वाजवून नुकतीच खाली आली होती. तिच्या बोटांना घाम होता.

"केली ना आत्ता."

"हो?" आईने आमटी वाढायची थांबवली. "मला काहीच ऐकू नाही आलं. मी इथेच होते."

"माझी आवाज येत नाही, आई."

"माझा आवाज," आई सवयीने म्हणाली, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तिने पळी खाली ठेवली. आईचं सगळं आयुष्य बेशुद्ध माणसांच्या शेजारी बसून मशीनचे आवाज ऐकण्यात गेलं होतं. एखादा आवाज बंद पडला तर त्याचा अर्थ काय, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. तिने ईशिताचं मनगट हातात घेतलं, नाडी पाहिली आणि हळूच सोडलं.

पहिली स्पर्धा जुलैत झाली. रखरखीत ऊन होतं. हेरन्स रीजंट्सच्या आधी मैदानात गेले, आणि ईशिता रीजंट्सच्या गडद निळ्या गणवेशात कुंपणाला टेकून बघत उभी राहिली. समरने शब्द पाळला होता. त्याच्या उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी होती, आणि ती चालत होती. रांग वळली की तीही वळायची. रांग तिरकी झाली की दोन्ही बाजूंची मुलं तेवढंच अंतर राखून सरकायची, आतल्याला धक्का लागू नये अशी.

मग स्नेअरचा तुकडा सुरू झाला आणि कुंपणाला टेकलेली ईशिता ताठ झाली.

तिची डावी स्टिक कणभर उशिरा पडायची. नऊ वर्षं सगळ्यांनी सांगून ती खोड गेली नव्हती. आता समोरच्या रांगेतून, ठोक्यांच्या त्या दाट सरीतून, तो कणभर उशिराचा डावा ठोका येत होता. स्वच्छ, टणक, भरलेला. स्वतःचा आवाज फोनवर ऐकताना जसा परका आणि तरी नाकारता न येणारा वाटतो, तसा.

"तो मधला कोण आहे?" शेजारचा रीजंट्सचा मुलगा म्हणाला. "भारी वाजवतो." मग त्याने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. तो कुंपणापासून एक पाऊल मागे सरकला.

मैदानात ड्रमवाल्यांची परीक्षक फिरत होती. रांगेसमोरून चालत, हातातल्या रेकॉर्डरमध्ये शेरे बोलत. मोकळ्या जागेसमोर ती थांबली. हातांची हालचाल बघायला परीक्षक वाकतात तशी थोडी वाकली. काही क्षण तिचे ओठ हललेच नाहीत. मग ती घाईने पुढे गेली.

नंतर पार्किंगमध्ये ईशिताने समरला गाठलं. तो बसच्या सावलीत केळं खात बसला होता. तिला पाहून त्याने शेजारी जागा करून दिली, पूर्वीसारखी.

"तुम्ही रेकॉर्डिंग लावता का?"

"नाही."

"मग ते काय होतं?"

"मार्चमध्ये सुरू झालं," समर म्हणाला. "आधी वाटलं वेअरहाऊसच्या भिंतीवरून एको येतोय. मग मॉरीनने आम्हाला ग्राउंडवर नेलं. तिथे भिंतच नाहीये. तरी होतं."

"तुला भीती नाही वाटली?"

"पहिल्यांदा वाटली. अक्षरा तर रडली. तुझ्या दुसऱ्या बाजूला असते ना ती. मग सवय झाली. आम्ही पाणी प्यायला थांबतो ना, तेव्हा त्या जागेतली ती पण थांबते. मॉरीन ओरडली की पुढे थोडा वेळ सांभाळून वाजवते."

"ती?"

समरने केळ्याची साल घडी करून पिशवीत टाकली. "मग काय म्हणू? तूच आहेस ती."

"मी इथे आहे, समर."

"हो," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता. "पण वाजवत नाहीयेस. मी रीजंट्सचा शो ऐकला. तुझ्या जागी काहीच नव्हतं."

त्या उन्हाळ्यात हेरन्स वर चढत गेले. आधी तिसरे, मग दुसरे. ऑगस्टच्या अखेरीला ते रीजंट्सच्या इतके जवळ आले की गॅरेथचा चेहरा उतरला. त्याने परीक्षकांच्या शेऱ्यांची रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकली आणि समितीकडे तक्रार केली. हेरन्स मैदानावर सहा स्नेअर आणतात आणि ऐकू सात येतात. कुठेतरी स्पीकर लपवलाय, ही फसवणूक आहे. फायनलच्या सकाळी चौकशी करू, असं समितीने कळवलं.

गॅरेथने ईशिताला बाजूला घेतलं.

"तू तिथे नऊ वर्षं होतीस. त्यांच्याकडे स्पीकर होता की नाही?"

"होता. रिहर्सलमध्ये ताल धरायला."

"एवढंच सांग त्यांना. मी खोटं बोलायला सांगत नाहीये."

"पण त्याचा अर्थ खोटा निघेल."

गॅरेथने डोळे चोळले. "हे बघ, आमची मुलंसुद्धा वर्षभर राबलीत. सहा जणांनी सहा जणांइतकंच वाजवावं, यात काय गैर मागतोय मी?"

गैर काही नव्हतं. तेच तिला छळत होतं. घरी तिने आईला सगळं सांगितलं, अर्धं इंग्लिशमध्ये, अर्धं मोडक्या मराठीत. आईने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी ती म्हणाली, "तुला जे माहीत आहे तेवढं सांग. त्यांना काय वाटेल ते त्यांचं."

फायनलच्या सकाळी स्टेडियममागच्या सरावाच्या मैदानावर सगळे जमले. आभाळ निरभ्र, गवतावर दव. मुख्य परीक्षक एक उंच, वाळका स्कॉटिश गृहस्थ होता. त्याने हेरन्सची बस तपासली, ड्रम उघडून पाहिले, मुलांचे फोनसुद्धा एका टोपलीत जमा केले. मग ईशिताला बोलावलं.

"स्पीकर फक्त रिहर्सलला असायचा," ती म्हणाली. "मैदानावर कधीच नाही. आणि जो जादा आवाज येतो तो माझा आहे."

"तुझं जुनं रेकॉर्डिंग?"

"नाही. माझा."

मागे गॅरेथने मान खाली घातली. परीक्षकाने पुढे विचारलं नाही. त्याने हेरन्सच्या स्नेअरवाल्यांना रांगेत उभं राहायला सांगितलं आणि वाजवायला लावलं.

ते वाजवू लागले. सहा मुलं, मध्ये समरच्या उजवीकडे माणूसभर मोकळी जागा, आणि तिथून येणारे ठोके. परीक्षक रांगेसमोरून एकदा गेला, परत आला. मोकळ्या जागेत त्याने हात घातला आणि काढून घेतला. मग त्याने अचानक पंजा वर केला. थांबा.

सहाही जण एकदम थांबले.

सातवी थांबली नाही. त्या उघड्या मैदानात, सगळ्यांच्या स्टिक्स हवेत असताना, रिकाम्या जागेतून तीन-चार ठोके आणखी आले. मग एक अर्धवट ठोका, चाचरल्यासारखा. मग शांतता. ज्याने ड्रम वाजवलाय त्याला ते थांबणं ओळखू येईल. बाकीचे थांबलेत आणि आपण एकटेच वाजवतोय हे कळल्यावर माणूस तसा थांबतो.

ईशिताचे कान तापले. सगळ्यांसमोर आपणच चुकलो अशी लाज तिला वाटली, आणि तिने नकळत दोन्ही हात पाठीमागे घेतले.

अक्षरा त्या जागेकडे वळून हळूच म्हणाली, "इट्स ओके."

परीक्षकाने टोपी काढून पुन्हा घातली. "मला कुठेही यंत्र सापडलेलं नाही," तो म्हणाला. "तक्रार फेटाळली. नियमात याच्यापुढचं काही नाही." आणि तो जरा भरभरच निघून गेला. गॅरेथ काही क्षण तिथेच उभा राहिला, मग त्याच्या मागोमाग गेला. त्याने पुन्हा काही मागणी केली नाही.

हेरन्सची मुलं एकमेकांना मिठ्या मारू लागली. तेव्हा मॉरीन पुढे आली. सत्तरी ओलांडलेली बाई, हेरन्स तिने आणि तिच्या नवऱ्याने उभं केलेलं. ती आतापर्यंत हाताची घडी घालून उभी होती.

"समर, रांग सरकव. जागा बंद कर."

समरला कळेना. "आपण जिंकलो ना तक्रार?"

"जिंकलो. आता बंद कर."

"मॉरीन, आज फायनल आहे. तिच्यामुळे आपण..."

"तिच्यामुळे, हेच म्हणतेय मी," मॉरीन म्हणाली. "तिला विचारलं का कुणी? ती गेली. जायचा तिचा हक्क होता. आणि आपण तिला सहा महिने उन्हात वाजवायला लावतोय."

"आम्ही तिला धरून नाही ठेवलं. फक्त जागा ठेवली."

"माझा नवरा गेल्यावर मी त्याचं ताट मांडत होते," मॉरीन म्हणाली. "वर्षभर. मी त्यालाही निष्ठाच समजत होते. एक दिवस मला वाटलं, हा बिचारा रोज येऊन बसत असेल, उपाशी." तिने समरच्या खांद्यावर हात ठेवला. "सरकव, बाळा."

समरचे डोळे भरले. त्याने ईशिताकडे पाहिलं. तिला हो म्हणायचं होतं आणि नको म्हणायचं होतं. ती म्हणाली, "इट्स फेअर, समर."

तो एक पाऊल उजवीकडे सरकला. अक्षरा एक पाऊल डावीकडे आली. त्यांच्या ड्रमच्या कडा जवळ आल्या. वारा नव्हता, काही हललं नाही. पण मधली जागा मिटताना अक्षराने खांदा आक्रसून घेतला. कुणी अंगाला घासून बाहेर पडावं, तसा.

दुपारी हेरन्सचे सहा स्नेअर होते आणि सहाच ऐकू आले. सगळ्यांनी जीव ओतून वाजवलं आणि हेरन्स तिसरे आले. रीजंट्स जिंकले. ईशिताने आपला एक ठोकाही चुकवला नाही आणि एकही ऐकला नाही. तिला वाटलं होतं, जागा बंद झाली की आवाज आपल्याकडे येईल. तो आला नाही. गॅरेथने सगळ्यांच्या गळ्यात पदकं घातली. तिच्यापाशी आल्यावर त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "तू सकाळी बरोबर केलंस," तो म्हणाला. बोलताना त्याचं बोट त्याच्या कानाकडे गेलं, खरंच ऐकू येतंय ना हे तपासावं तसं.

आई स्टेडियमबाहेर वाट पाहत होती. दोघी गाडीकडे निघाल्या. वाट सरावाच्या मैदानाच्या कडेने जात होती. ऊन कलंडलं होतं, मैदानावर कुणी नव्हतं. दूर कचऱ्याचे डबे आणि एक विसरलेला निळा स्वेटर.

"कोणीतरी अजून प्रॅक्टिस करतंय वाटतं," आई म्हणाली.

ईशिता थांबली. मैदानाच्या मधून आवाज येत होता. संथ, एकेक हात मोकळा करण्याचा तो धडा, बारा वर्षांच्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात तो. उजवा, उजवा, डावा, डावा. कुणाची रांग नाही, कुणाचा ताल नाही. एकटीच.

"तुला ऐकू येतंय, आई?"

"येतंय ना." आईचा स्वर बदलला होता. ती रिकाम्या गवताकडे बघत होती आणि तिने ईशिताची बाही घट्ट धरली होती. "ईशू, तुझ्यासारखंच वाजवतंय गं कोणीतरी."

"तू थांब इथे."

ती गवतातून चालत गेली. जवळ गेली तरी आवाज वाढला नाही, कमी झाला नाही. मैदानाच्या मध्यावर तो अगदी समोरून यायला लागला, तिच्या कमरेच्या उंचीवरून. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीतही असं वाटलं की समोरचीलाही वाटत असणार. हिला आता कुठे उभं राहायचं ते कुणी सांगितलेलं नाही.

धडा मध्येच तोडायचा नसतो. ईशिता उभी राहिली. धडा हळूहळू जलद झाला, मग पुन्हा संथ झाला आणि संपला.

"चल," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, का ते तिला सांगता आलं नसतं. "घरी जायचं. आई थांबली आहे."

ती वळली आणि चालू लागली. कडेला आई उभी होती. आई ईशिताकडे बघत नव्हती, तिच्या मागे थोडं डावीकडे, खाली गवताकडे बघत होती. मग आईने मान वर केली आणि शांतपणे पर्समधून किल्ली काढली.

गाडीपाशी आल्यावर आईने मागच्या सीटवरचा डबा, छत्री, वेम्बलीहून आणलेली भाजीची पिशवी डिकीत टाकली आणि मागचं दार उघडं धरलं.

"मी मागे बसते," ईशिता म्हणाली.

"बस," आई म्हणाली. "जरा सरकून बस."